१३२ केव्ही रोहित्राच्या इन्सुलेशनची तपासणी: तेलाच्या नमुन्यापासून बुशिंगपर्यंत

तेलभरित रोहित्रातील (ट्रान्सफॉर्मरमधील) इन्सुलेशन म्हणजे मुख्यत्वे कागद आणि खनिज तेल. उष्णता, ओलावा, प्राणवायू आणि विद्युतक्षेत्राचा ताण या चौघांमुळे ते वर्षानुवर्षे झिजत राहते, आणि या झिजेच्या बहुतेक खुणा प्रत्यक्ष बिघाडाच्या बऱ्याच आधी मोजता येतात. येथे मांडलेली पद्धत १३२/३३ केव्हीच्या (किलोव्होल्टच्या), कन्झर्व्हेटर, म्हणजे तेलाच्या प्रसरणासाठी वर बसवलेली छोटी टाकी, असलेल्या रोहित्रासाठी आहे. उपकेंद्राच्या टेस्टिंग विभागात नव्याने रुजू झालेल्या अभियंत्याला समोर ठेवून ती लिहिली आहे, मात्र २२० किंवा ४०० केव्हीच्या रोहित्रांनाही तिचा मोठा भाग लागू पडतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की धरावी. इन्सुलेशनचा कोणताही एकटा आकडा निकाल देत नाही. त्याच रोहित्रावर, त्याच जोडणीने आणि शक्य तितक्या सारख्या तापमानाला पूर्वी आलेल्या आकड्याशी तुलना केली, तरच आजच्या आकड्याला अर्थ येतो. मानकांमधील मर्यादा उपयोगी आहेतच, पण मर्यादेच्या आत राहून वेगाने बिघडत चाललेले रोहित्र हे मर्यादेच्या किंचित बाहेर वर्षानुवर्षे स्थिर असलेल्या रोहित्रापेक्षा अधिक धोक्याचे असते.

आधी जुनी कागदपत्रे

उपकरणे गाडीत भरण्यापूर्वी कारखान्यातील चाचणी अहवाल, कार्यान्वित करतानाचा अहवाल आणि मागील सर्व तपासण्यांचे आकडे हाताशी घ्यावेत. तेलाचे फिल्ट्रेशन कधी झाले, ऑन-लोड टॅप चेंजरचे (भार चालू असताना वाइंडिंगचे वेढे कमी-जास्त करणाऱ्या यंत्रणेचे) काम कधी झाले, एखादे बुशिंग (वाहक टाकीबाहेर आणणारा इन्सुलेटर) बदलले आहे का आणि जवळच्या वाहिनीवरील मोठ्या दोषाचा प्रवाह या रोहित्रातून गेला आहे का, या चार प्रश्नांची उत्तरे नोंदवहीतून काढावीत. फिल्ट्रेशनच्या तारखेला विशेष महत्त्व आहे. निर्वात प्रक्रियेत तेलातील विरघळलेले वायू निघून जातात, त्यामुळे फिल्ट्रेशननंतरचा स्वच्छ अहवाल पाहून दोष नाहीसा झाला असे समजणे घातक ठरते.

चालू रोहित्रातून तेलाचा नमुना घेणे

तेलाच्या तपासणीला शटडाऊन लागत नाही. ती स्वस्तही आहे आणि तुलनेने सर्वाधिक माहिती देते, म्हणून सुरुवात तिच्यापासून करावी. विरघळलेल्या वायूंच्या तपासणीसाठी, म्हणजे डीजीएसाठी, तीन वाटांची तोटी असलेली वायुबंद काचेची सिरिंज वापरावी. प्लास्टिकची बाटली या कामाची नाही, कारण हायड्रोजन तिच्यातून सहज निसटतो.

रोहित्राच्या तळाच्या सॅम्पलिंग व्हॉल्व्हचे तोंड आधी कोरड्या कापडाने पुसून घ्यावे. व्हॉल्व्हमध्ये साचून राहिलेले तेल टाकीतील तेलाचे प्रतिनिधित्व करत नाही, म्हणून एक ते दोन लिटर तेल बादलीत जाऊ द्यावे. त्यानंतर सिरिंज त्याच तेलाने एकदा धुऊन रिकामी करावी आणि मग सावकाश भरावी. दट्ट्या हाताने ओढू नये, तेलाच्या दाबानेच तो मागे सरकू द्यावा. ओढल्याने आत निर्वात तयार होते आणि तेलातील वायू बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतात. बुडबुडा दिसल्यास नमुना टाकून पुन्हा घ्यावा. भरलेल्या सिरिंजचा दट्ट्या दोरीने आवळून बांधू नये. तेल थंड होताना आकसते आणि दट्ट्याला आत सरकायला जागा नसेल तर पुन्हा बुडबुडे होतात. नमुना उन्हापासून दूर, अंधाऱ्या खोक्यात ठेवून लवकरात लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावा.

लेबलवर तारीख, वेळ, तेलाचे तापमान, त्या वेळचा भार आणि नमुना वरच्या की खालच्या व्हॉल्व्हमधून घेतला हे लिहावे. तापमानाची नोंद नसेल तर ओलाव्याच्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही, हे पुढे स्पष्ट होईल. भर पावसात किंवा धुक्यात नमुना घेणे टाळावे.

वायूंवरून दोष ओळखणे

तेलाचे रेणू कोणत्या तापमानाला तुटतात त्यावर कोणता वायू तयार होतो ते ठरते, आणि डीजीएचा सारा आधार हाच आहे. पार्शल डिस्चार्जमध्ये, म्हणजे इन्सुलेशनचा काही भागच भेदणाऱ्या सूक्ष्म ठिणग्यांमध्ये, मुख्यतः हायड्रोजन आणि थोडा मिथेन निघतो. तेल माफक तापले तर मिथेन व इथेन वाढतात, उष्णता वाढत गेली की इथिलीन पुढे येतो, आणि आर्किंगसारख्या अतिशय उष्ण घटनेत ॲसिटिलीन दिसतो. कार्बन मोनॉक्साइड व कार्बन डायऑक्साइड हे प्रामुख्याने कागदाच्या विघटनातून येतात.

हायड्रो-क्यूबेक या कॅनडातील वीज कंपनीतील मिशेल डुव्हल यांनी १९७४ मध्ये मांडलेला त्रिकोण आजही सर्वांत हाताळण्याजोगा आहे. त्यात मिथेन, इथिलीन आणि ॲसिटिलीन या तिघांच्याच बेरजेतील टक्केवारी पाहतात. समजा, अहवालात मिथेन ६० पीपीएम (दशलक्षांश भाग), इथिलीन १२० पीपीएम आणि ॲसिटिलीन २ पीपीएम आहे. बेरीज १८२ होते, म्हणून मिथेन सुमारे ३३ टक्के, इथिलीन सुमारे ६६ टक्के आणि ॲसिटिलीन सुमारे १ टक्का. हा बिंदू टी-३ या क्षेत्रात पडतो, म्हणजे ७०० अंश सेल्सिअसच्या वरचा उष्णतेचा दोष. अशा वेळी सैल झालेला जोड, टॅप सिलेक्टरचा खराब संपर्क किंवा गाभ्यात फिरणारे प्रवाह यांच्याकडे लक्ष न्यावे. ॲसिटिलीन नगण्य असल्यामुळे आर्किंगचा संशय येथे बाजूला ठेवता येतो. त्याच अहवालात कार्बन मोनॉक्साइड वाढलेला नसेल, तर तापलेला भाग कागदात गुंडाळलेला नसून उघड्या धातूचा असावा असा अंदाज करता येतो.

त्रिकोणात टाकलेला प्रत्येक बिंदू कोणत्या ना कोणत्या दोषाच्या क्षेत्रात पडतोच, कारण त्यात निरोगी रोहित्रासाठी क्षेत्रच नाही. म्हणून आधी प्रमाण लक्षणीय आहे का हे पाहावे आणि मगच त्रिकोण उघडावा. आयईसी ६०५९९ या आंतरराष्ट्रीय मानकामध्ये सेवेतील रोहित्रांसाठी नेहमी आढळणाऱ्या मूल्यांचे पल्ले दिले आहेत: हायड्रोजन ५० ते १५०, मिथेन ३० ते १३०, इथिलीन ६० ते २८० आणि, टॅप चेंजरचे तेल मुख्य टाकीशी जोडलेले नसल्यास, ॲसिटिलीन २ ते २० पीपीएम. या पातळ्यांच्या वर गेल्यावर महिन्याला १० टक्क्यांहून अधिक वाढ होत असेल, तर दोष सक्रिय मानला जातो.

ॲसिटिलीन दिसताच घाबरून जाण्यापूर्वी टॅप चेंजर तपासावा. टॅप चेंजरमधील डायव्हर्टर स्विचच्या कप्प्यात प्रत्येक टॅप बदलताना ठिणगी पडते आणि तेथील तेलात ॲसिटिलीन भरपूर असतो. त्या कप्प्याचे सील गळत असेल तर ते तेल मुख्य टाकीत झिरपते आणि अहवाल आर्किंगचा भास निर्माण करतो. ॲसिटिलीन व हायड्रोजन यांचे गुणोत्तर २ ते ३ च्या वर असेल तर हा संशय बळावतो. उलट बाजूने, केवळ हायड्रोजन वाढला म्हणूनही पार्शल डिस्चार्ज आहे असे लगेच लिहू नये. काही तेले माफक तापमानालाही दोष नसताना हायड्रोजन सोडतात, आणि गॅल्व्हनाइझ्ड भागांची पाण्याशी अभिक्रिया होऊनही तो तयार होतो.

कार्बन डायऑक्साइड व कार्बन मोनॉक्साइड यांचे गुणोत्तर ३ च्या खाली आले, तर दोषात कागद सापडला आहे का हे गांभीर्याने पाहावे. मात्र दोन्हींची पातळी मुळातच कमी असेल तर हे गुणोत्तर काढण्यात अर्थ नाही.

बुखोल्झ रिलेने (टाकी व कन्झर्व्हेटर यांच्यामधील नळीत वायू साचल्यास इशारा देणाऱ्या उपकरणाने) अलार्म दिला असेल, तर रिलेमध्ये साचलेला वायू आणि तेलाचा नमुना दोन्ही घ्यावेत. हा वायू ज्वलनशील असू शकतो. तो पेटवून पाहण्याची जुनी सवय काही ठिकाणी अजून आढळते, ती पूर्णपणे सोडली पाहिजे.

तेलाच्या इतर चाचण्या

बीडीव्ही (ब्रेकडाऊन व्होल्टेज) चाचणीत तेल किती विद्युतदाबाला भेदले जाते ते पाहतात. ती आयएस ६७९२ या भारतीय मानकानुसार २.५ मिलिमीटर अंतरावर करतात आणि सहा वाचनांची सरासरी घेतात. १३२ केव्हीच्या वर्गातील रोहित्रासाठी सेवेतील तेलाचे मूल्य ४० केव्हीच्या खाली जाऊ देऊ नये. ही चाचणी ओलावा आणि तंतू यांना संवेदनशील आहे, परंतु विरघळलेल्या वायूंबद्दल किंवा कागदाच्या वयाबद्दल ती काहीही सांगत नाही. बीडीव्ही ६५ केव्ही आली म्हणून रोहित्र ठणठणीत आहे असा निष्कर्ष अनेक अहवालांत दिसतो, आणि तो चुकीचा असतो.

ओलावा कार्ल फिशर पद्धतीने पीपीएममध्ये मोजतात. २० अंश सेल्सिअसला खनिज तेलात सुमारे ५५ पीपीएम पाणी मावते, तर ६० अंशाला २०० पीपीएमहून अधिक. म्हणजे २० पीपीएमचा आकडा गरम तेलात निर्धास्त असला, तरी गार तेलात तो संपृक्ततेच्या एक तृतीयांशाहून पुढे गेलेला असतो. शिवाय रोहित्रातील जवळजवळ सर्व पाणी कागदात असते. तापमान वाढले की ते तेलात येते आणि उतरले की कागदात परत जाते. म्हणूनच भार आणि तापमान लिहिल्याशिवाय पाठवलेला नमुना अर्धवट ठरतो.

कागदाच्या वयाचा अंदाज तेलातील २-फरफ्युराल या संयुगावरून करतात. नव्या कागदाचा पॉलिमरीकरण अंक साधारण १,००० च्या आसपास असतो, आणि तो २०० पर्यंत उतरला की कागदाचे यांत्रिक बळ संपले असे मानतात. रोहित्र उघडून कागद काढणे शक्य नसल्यामुळे फरफ्युरालचा आधार घ्यावा लागतो. साध्या क्राफ्ट कागदासाठी हा संबंध बऱ्यापैकी विश्वासार्ह आहे. औष्णिकदृष्ट्या सुधारित कागद फरफ्युराल कमी सोडतो, त्यामुळे तेथे कमी आकड्यावर विसंबू नये.

शटडाऊन मिळाल्यावर

परमिट (काम करण्याची लेखी परवानगी) हाती आल्यावर दोन्ही बाजूंचे आयसोलेटर उघडे व कुलूपबंद असल्याची खात्री करावी, अर्थिंग (जमिनीशी जोडणी) करावे आणि बुशिंगच्या टर्मिनलवरील कंडक्टर सोडवून पुरेसे दूर बांधावेत. मग बुशिंगचे पोर्सेलीन स्वच्छ पुसावे. कोकणपट्टीत खाऱ्या वाऱ्याने मिठाचा थर बसतो, तर चंद्रपूर किंवा कोराडीसारख्या औष्णिक केंद्रांच्या परिसरात राख आणि कोळशाची धूळ. हा थर दमट हवेत प्रवाह वाहू देतो आणि आतले इन्सुलेशन चांगले असूनही वाचन बिघडवतो. पावसाळी सकाळी मोजमाप करण्याऐवजी दुपारी हवा कोरडी झाल्यावर ते करणे केव्हाही बरे.

पहिली चाचणी इन्सुलेशन रेझिस्टन्सची, म्हणजे मेगरची. एका वाइंडिंगची सर्व टर्मिनले एकत्र जोडून ५ केव्ही डीसीवर एचव्ही (उच्चदाब बाजू) विरुद्ध अर्थ (जमीन), एलव्ही (कमी दाबाची बाजू) विरुद्ध अर्थ आणि एचव्ही विरुद्ध एलव्ही अशी वाचने १५ सेकंद, ६० सेकंद आणि १० मिनिटांना घ्यावीत. ३३ केव्हीपेक्षा कमी विद्युतदाबाच्या टर्शरी (तिसऱ्या) वाइंडिंगला तिच्या पातळीनुसार चाचणीचा दाब कमी ठेवावा. पृष्ठभागावरील गळती वगळण्यासाठी गार्ड टर्मिनल वापरावे. तापमान दर १० अंशांनी वाढले की रेझिस्टन्स साधारण निम्मा होतो, म्हणून जानेवारीतील आणि मे महिन्यातील वाचने दुरुस्ती केल्याविना शेजारी मांडू नयेत.

१० मिनिटे आणि १ मिनिटाच्या वाचनांचे गुणोत्तर म्हणजे पोलरायझेशन इंडेक्स. हा निर्देशांक मूळचा फिरत्या यंत्रांच्या घन इन्सुलेशनसाठीचा आहे. तेलभरित रोहित्रात तेलाची वाहकता त्यावर परिणाम करते, त्यामुळे चांगल्या रोहित्रातही तो २ च्या खाली येऊ शकतो. १ च्या जवळचा निर्देशांक ओलाव्याचा किंवा दूषित तेलाचा इशारा आहे, हे खरे. तरीही माझ्या मते केवळ या निर्देशांकावरून रोहित्र सेवेबाहेर काढण्याची शिफारस करू नये. चाचणीनंतर वाइंडिंग चार्जिंगच्या किमान चौपट वेळ अर्थ करून ठेवावे, आणि त्यानंतरच हात लावावा.

यानंतर टॅन डेल्टा. आदर्श इन्सुलेशन म्हणजे निव्वळ कॅपॅसिटर. प्रत्यक्षात थोडा प्रवाह रोधक स्वरूपाचा असतो, आणि या रोधक व धारितीय प्रवाहांचे गुणोत्तर म्हणजे टॅन डेल्टा. मोजमाप १० केव्हीपर्यंतच्या एसी दाबावर करतात. एचव्ही ते एलव्ही हा भाग यूएसटी जोडणीत (जमिनीकडे जाणारा प्रवाह वगळून), तर प्रत्येक वाइंडिंग ते अर्थ हा भाग जीएसटी-गार्ड जोडणीत (जमिनीकडे जाणारा प्रवाह मोजून, दुसऱ्या वाइंडिंगचा वगळून) मोजावा. एलव्ही अर्थ करून घेतलेल्या साध्या जीएसटी वाचनातील धारिता या दोन भागांच्या बेरजेइतकी यायला हवी. ती जुळत नसेल तर जोडणीत चूक आहे, आणि पुढे जाण्याआधी ती शोधावी.

नव्या रोहित्राच्या वाइंडिंगचा टॅन डेल्टा २० अंशाला साधारण ०.५ टक्क्याच्या आत असतो, आणि सेवेत १ टक्का ओलांडला की कारण शोधणे भाग पडते. टॅन डेल्टा वाढला पण धारिता तशीच राहिली, तर ओलावा किंवा तेलाची झीज संभवते. वाइंडिंगची धारिताच बदलली असेल तर वाइंडिंग जागचे हलले असण्याची शंका घ्यावी आणि एसएफआरए चाचणी, म्हणजे वेगवेगळ्या वारंवारतांना वाइंडिंगचा प्रतिसाद पाहणारी चाचणी, करावी. दाब वाढवताना टॅन डेल्टाही चढत गेला, तर पोकळ्यांमध्ये डिस्चार्ज होत असण्याची शक्यता असते. शेजारचा बस चार्ज असेल तर ५० हर्ट्झचा हस्तक्षेप वाचनात मिसळतो. अशा ठिकाणी ४५ व ५५ हर्ट्झवर मोजून सरासरी देणारे उपकरण वापरावे.

बुशिंगकडे वेगळे लक्ष

बुशिंगचा बिघाड महिनोन्‌महिने सूचना देईलच असे नाही. पोर्सेलीन फुटून आणि तेल पेटून त्याचा शेवट संपूर्ण रोहित्र जळण्यात होऊ शकतो, म्हणून बुशिंगचा टॅन डेल्टा वाइंडिंगच्या चाचणीत मिसळून न टाकता स्वतंत्र घ्यावा.

कंडेन्सर बुशिंगमध्ये मध्यवर्ती दांड्याभोवती तेलात भिजलेला कागद गुंडाळलेला असतो आणि ठरावीक अंतरांवर धातूचे पत्रे असतात. टर्मिनलपासून टेस्ट टॅपपर्यंतची धारिता ती सी-१, आणि टॅपपासून फ्लँजपर्यंतची सी-२. सी-१ मोजताना एचव्हीची सर्व टर्मिनले न्यूट्रलसह एकत्र जोडावीत, एलव्ही एकत्र जोडून अर्थ करावे, १० केव्ही टर्मिनलवर द्यावा आणि टॅपवरून यूएसटीमध्ये वाचन घ्यावे. सी-२ मोजताना दाब टॅपवर द्यावा लागतो, आणि तेथील इन्सुलेशन नाजूक असते. निर्मात्याने वेगळे सांगितले नसल्यास ५०० व्होल्ट ते १ केव्ही पुरे.

येथे धारितेचा आकडा टॅन डेल्टापेक्षा मोठ्याने बोलतो. समजा, बुशिंगमध्ये सारखे २० थर आहेत. १३२ केव्हीच्या प्रणालीत फेज ते अर्थ दाब ७६ केव्ही असतो, म्हणजे प्रत्येक थरावर ३.८ केव्ही. एक थर भेदला गेला तर उरलेल्या १९ थरांवर प्रत्येकी ४ केव्ही येतो आणि सी-१ सुमारे ५ टक्क्यांनी वाढते. ताण वाढल्यामुळे पुढचा थर लवकर जातो. म्हणून नेमप्लेटवरील मूल्यापेक्षा सी-१ ५ टक्क्यांनी वाढलेली आढळल्यास, टॅन डेल्टा काहीही असो, ते बुशिंग पुन्हा चार्ज करू नये. टॅन डेल्टासाठी आयईसी ६०१३७ ची मर्यादा तेल-कागद बुशिंगला ०.७ टक्के आहे. तरीही नेमप्लेटच्या दुप्पट मूल्य आले की मर्यादेची वाट न पाहता चौकशी सुरू करावी. तिन्ही फेजची बुशिंगे एकाच वयाची आणि बनावटीची असतील, तर त्यांची आपापसांतील तुलना फार उपयोगी पडते.

पुढच्या पायऱ्या कधी

वरील चाचण्यांनी शंका निर्माण केली पण उत्तर दिले नाही, तर एफडीएस (फ्रिक्वेन्सी डोमेन स्पेक्ट्रोस्कोपी) चाचणी करावी. तीत टॅन डेल्टा साधारण १ किलोहर्ट्झपासून १ मिलिहर्ट्झपर्यंत मोजतात. कागदातील ओलाव्याचा परिणाम आलेखाच्या दोन टोकांना, तर तेलाच्या वाहकतेचा मधल्या उतारावर दिसतो. त्यामुळे तेल खराब की कागद ओला, या नेहमीच्या वादाचा निकाल लागतो. कागदातील ओलावा ३ टक्क्यांच्या वर आढळल्यास केवळ तेल गाळून भागत नाही, सक्रिय भाग वाळवण्याचा विचार करावा लागतो.

डीजीएमध्ये हायड्रोजन सातत्याने वाढत असेल तर पार्शल डिस्चार्जचे थेट मोजमाप करावे. कारखान्यातील आयईसी ६०२७० ची पिकोकूलंबमधील पद्धत चालू उपकेंद्रात कोरोनाच्या गोंगाटामुळे अवघड जाते. तेथे अर्थिंगच्या पट्टीवरील उच्च-वारंवारता सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर), तेलाच्या व्हॉल्व्हमधून घातलेला यूएचएफ (अत्युच्च वारंवारतेचा) संवेदक आणि टाकीला बाहेरून चिकटवलेले ध्वनिसंवेदक यांची जोड वापरतात. ध्वनी तेलातून सेकंदाला सुमारे १,२०० ते १,४०० मीटर वेगाने जातो. वेगवेगळ्या संवेदकांपर्यंत तो पोहोचण्याच्या वेळांतील फरकावरून डिस्चार्जची जागा काढता येते.

शटडाऊन हाती असतानाच लाइटनिंग अरेस्टरचे (विजेच्या अतिदाबापासून रोहित्राला वाचवणाऱ्या उपकरणाचे) पोर्सेलीन पुसून घ्यावे. त्याचा रोधक गळती प्रवाह मात्र चालू स्थितीत, तिसऱ्या हार्मोनिकवरून मोजावा. काउंटरवरील मिलिअँपिअरचा काटा मुख्यतः धारितीय प्रवाह दाखवतो आणि बिघाड बराच पुढे गेल्यावरच हलतो.

चाचण्या एकमेकींशी जुळत नसतील तेव्हा

टॅन डेल्टा चांगला आणि डीजीए वाईट, ही सर्वाधिक आढळणारी विसंगती आहे, आणि बहुतेक वेळा ती विसंगती नसतेच. टॅन डेल्टा संपूर्ण इन्सुलेशनची सरासरी दाखवतो, तर एखादा तापलेला जोड लहानशा जागेतला असतो. अशा वेळी डीजीएला प्राधान्य द्यावे, दोन आठवड्यांच्या आत दुसरा नमुना घ्यावा आणि वायू वाढत असल्यास वाइंडिंग रेझिस्टन्स प्रत्येक टॅपवर मोजावा. उलट, डीजीए स्वच्छ पण एका बुशिंगची धारिता वाढलेली असेल तर बुशिंगच्या आकड्यावर विश्वास ठेवावा, कारण बुशिंगचे तेल मुख्य टाकीच्या तेलात मिसळत नाही आणि टाकीतील डीजीएला त्याची खबर लागत नाही.

काम संपवताना प्रत्येक बुशिंगच्या टेस्ट टॅपची टोपी घट्ट बसली आहे आणि टॅप फ्लँजशी अर्थ झाला आहे हे मल्टिमीटरने तपासावे. टॅप उघडा राहिला तर चार्ज करताच त्यावर हजारो व्होल्ट येतात आणि टॅपपाशी आर्किंग होते. ही तपासणी चाचणी करणाऱ्याखेरीज दुसऱ्या व्यक्तीने करावी, तिची स्वाक्षरी अहवालात घ्यावी आणि त्यानंतरच परमिट परत करावे. रोहित्र भारावर आल्यावर २४ तासांनी डीजीएचा एक नमुना पुन्हा घ्यावा, आणि त्याचे आकडे पुढील तुलनेसाठी याच अहवालाला जोडून ठेवावेत.